भोळा सुतार आणि सिली कारकून

'सिली' हा शब्द शिवी म्हणून अगदीच मिळमिळीत आहे. ज्याला द्यावा त्याला राग येत नाही आणि जो देतो त्याचं समाधान होत नाही. कॉन्व्हेंटमधल्या मुली एकमेकींना 'डोन्ट बी सिली' म्हणतात तेव्हा त्यात निम्मा तरी लाड असतो. आपल्याकडे 'चल, काहीतरीच तुझं!' म्हणतात ना, त्याच जातीचा हा शब्द. कोणी कोणाला 'सिली' म्हटलं म्हणून अब्रुनुकसानीचा दावा लागल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

हाच शब्द हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात पुण्यवान माणसांना लावत असत असं सांगितलं, तर तुम्ही मलाच सिली म्हणाल. म्हणा. पण गोष्ट खरी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं 'सॅलिग' आणि अर्थ होता सुखी, भाग्यवान, देवाची कृपा झालेला. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'झेलिग' अजून इभ्रत राखून आहे. धन्य झालेल्या आत्म्याला झेलिग म्हणतात आणि वारलेल्या वडिलांच्या नावामागेही तो लावतात, आपण कैलासवासी लावतो तसा. आइसलंडमध्ये तर त्याचा चुलत भाऊ 'साएल' रस्त्यात भेटणाऱ्याला रामराम घालायला वापरतात. एकाच घरातली ही भावंडं. एक स्वर्गात पोचला, एक रस्त्यात रामराम घालतो आहे आणि तिसऱ्याला इंग्रजांनी मूर्खांच्या पंक्तीला बसवलं.

ही घसरण एका रात्रीत झाली नाही. आधी भाग्यवान. मग देवाचा लाडका म्हणून पापभीरू. पापभीरू म्हणून निरुपद्रवी. निरुपद्रवी म्हणून कोणीही टपली मारून जावं असा, म्हणजेच बिचारा. चौदाव्या शतकापर्यंत हा प्रवास इथवर आला होता. पुढे बिचारा म्हणून दुबळा, दुबळा म्हणून अडाणी, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरळ सरळ मूर्ख. आम्ही बँकवाले याला घसारा म्हणतो. टेबलखुर्चीवर दरवर्षी ठरावीक टक्के घसारा काढत गेलं की एक दिवस चांगली भक्कम खुर्ची पुस्तकात एक रुपयावर येते. तिच्यावर बसणारा माणूस मात्र तेवढ्याच वजनाचा असतो.

बँकेवरून आठवलं. आमच्या शाखेत एक गृहस्थ होते. सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. ऑफिसात एखाद्याला देवमाणूस म्हणायला लागले की खुशाल समजावं, याच्या टेबलावर आता दुसऱ्यांचे कागद येणार. एकतीस मार्चच्या रात्री थांबायचं कोणी? देवमाणसानं. कॅश जुळत नाही, शोधायचं कोणी? देवमाणसानं. दिवाळीत रजा मागे कोणी घ्यायची, हा तर प्रश्नच नव्हता. सुरुवातीला हा शब्द लोक हात जोडून म्हणत. पुढे पुढे नवीन मुलं 'कोण? तो देवमाणूस ना?' असं ओठाच्या कोपऱ्यातून म्हणायला लागली. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तो शब्द वापरला तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. गृहस्थ मान खाली घालून नारळाकडे बघत होते. इंग्रजांना ज्या कामाला शतकं लागली ते आमच्या शाखेनं एका नोकरीत उरकलं.

तेव्हा इंग्रजांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. 'महाभाग' म्हणजे खरं तर मोठा भाग्यवान, थोर पुरुष. आता आपण म्हणतो, 'एक महाभाग आले आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.' फ्रेंचांनी 'आशीर्वाद लाभलेला' या अर्थाच्या शब्दापासून 'बने' म्हणजे बावळट तयार केला. 'क्रेटिन' हा शब्द तर आल्प्सच्या डोंगरातल्या बोलीत 'ख्रिस्ती माणूस' या शब्दातून निघाला. ग्रीकांनी चांगल्या स्वभावाच्या माणसाला जो शब्द योजला होता त्याचा अर्थ प्लेटोच्या काळातच भोट असा होऊ लागला होता. चांगुलपणाला सगळ्या बाजारात एकच भाव.

उलटा प्रवास करणारेही असतात. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधल्या 'अडाणी' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि मध्ययुगात त्याचा अर्थ होता मूर्ख. आज चहापासून जावयापर्यंत सगळं नाइस असतं. मला नेहमी वाटतं, नाइस आणि सिली हे दोघे केव्हातरी जिन्यात समोरासमोर आले असतील. एक वर चाललेला, एक खाली. नाइसनं ओळखही दाखवली नसेल.

आता मी कोण आणि कुठल्या अधिकारानं हे सगळं सांगतोय? मी बी. कॉम. आमच्या अभ्यासक्रमात इंग्रजी होतं, पण ते 'आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात' या थाटाचं. त्या इंग्रजीत विशेषणं नसतात. असलीच तर 'ओव्हरड्यू' आणि 'नॉन-रिफंडेबल'. एवढ्या भांडवलावर मी चॉसरकडे वळलो तो एकाच कारणानं. तो आमच्या धंद्यातला निघाला. १३७४ साली लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांवरच्या जकातीचा कंट्रोलर म्हणून त्याची नेमणूक झाली आणि हिशेब त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचे अशी अट होती. बारा वर्षं त्यानं ती नोकरी केली. कंट्रोलर म्हटलं की साहेब वाटतो, पण स्वतःच्या हातानं लिहायचं म्हटल्यावर तो आमच्यातलाच. 'हाउस ऑफ फेम' या त्याच्या काव्यात एक गरुड त्याला पंजात धरून आकाशात नेतो आणि वाटेत टोमणे मारतो. दिवसभराचे आकडे संपले की घरी येऊन दुसऱ्या पुस्तकापुढे मुकाट बसतोस, डोळे तारवटेपर्यंत. शेजारी काय चाललंय याचा तुला पत्ता नसतो! आमच्या घरातही हेच ऐकावं लागतं. फक्त आमच्याकडे पंजे नाहीत.

चॉसर लिहीत होता तेव्हा हा शब्द, त्याच्या काळी 'सेली', नेमका जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा होता. वरचा अर्थ अजून विसरलेला नव्हता, खालचा अजून आलेला नव्हता. 'ट्रॉयलस अँड क्रिसेडा'मध्ये क्रिसेडा ऐहिक सुखाबद्दल बोलते तेव्हा सुखाला ती याच शब्दापासून झालेलं नाम वापरते. म्हणजे तिथे तो वरच्या पायरीवर. मठातल्या बाईच्या गोष्टीत गुणी पोर लवकर शिकतं अशा अर्थाच्या म्हणीत हाच शब्द येतो. (ती गोष्ट मात्र ज्यूद्वेषानं इतकी भरलेली आहे की पोराच्या गुणांकडे लक्ष लागत नाही.) कोंबडा आणि कोल्ह्याच्या गोष्टीतली गरीब विधवाही सेली. तिचा कोंबडा कोल्ह्यानं पळवला आहे, यात हसण्यासारखं तिच्या दृष्टीनं काहीच नाही.

पण या शब्दाची खरी कसोटी लागते ती पिठाच्या गिरणीवाल्याच्या गोष्टीत. ऑक्सफर्डचा एक म्हातारा सुतार, जॉन. बायको ॲलिसन अठरा वर्षांची. घरात पोटभाडेकरू म्हणून निकोलस नावाचा विद्यार्थी. पुढचं सांगायला नको. हा निकोलस सुताराला पटवतो की येत्या सोमवारी रात्री नोहाच्या वेळचा होता त्याहून मोठा प्रलय येणार. वाचायचं असेल तर आढ्याला तीन पिंपं टांग आणि त्यात बसून राहा. सुतार बिचारा पिंपं टांगतो, शिधा भरतो आणि दमून आत झोपी जातो. बाकीचे दोघे शिडीवरून गुपचूप खाली उतरतात. शेवटी 'पाणी, पाणी!' अशी आरोळी ऐकून सुतार दोरी कापतो, धाडकन जमिनीवर येतो आणि हात मोडून घेतो. शेजारीपाजारी जमून त्यालाच वेडा ठरवतात.

गोष्ट सांगणारा गिरणीवाला प्यालेला आहे. सुरुवातीला तो सुताराची ओळख गावंढळ अशा अर्थाच्या शब्दानं करून देतो. फसवणुकीचा बेत शिजायला लागला की 'सेली' सुरू होतो आणि मग चार-पाच वेळा येतो. शाळेतल्या टिपणांत याचा अर्थ 'मूर्ख' असा देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. चॉसरला मूर्ख म्हणायचं असतं तर त्याच्याजवळ शब्द कमी नव्हते. 'फूल' होता, 'डॅफ' होता, आणि वर सांगितलेला 'नाइस' तर होताच. ते सोडून त्यानं हाच का काढला?

प्रलय येणार हे कळल्यावर सुताराच्या तोंडून पहिलं काय निघतं ते बघा. माझं काय होईल, दुकानाचं काय होईल, यातलं काही नाही. माझी बायको बुडेल का, एवढंच. तो रडतो, थरथर कापतो. ज्या बाईसाठी हा माणूस रडतो आहे तीच त्याला पिंपात बसवण्याच्या कटात आहे. या ठिकाणी 'मूर्ख' म्हटलं की गोष्ट नुसती फार्स होते आणि 'पुण्यवान' म्हटलं की कीर्तन होतं. 'सेली' म्हटलं की दोन्ही एकदम ऐकू येतात. हसता हसता घास अडकतो तो या एका विशेषणामुळे.

आजच्या इंग्रजीत चॉसर उतरवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. 'सिली' घातला तर खोटं, 'पुअर' घातला तर बेचव, 'सिंपल' घातला तर अर्धवट. सहाशे वर्षांपूर्वीचा माल घ्यायला त्यांच्या दुकानात आता सुटे पैसेच नाहीत. मराठीत मात्र ते अजून आहेत. 'भोळा' शब्द घ्या. शंकरालाही भोळा सांब म्हणतो आणि भाजीवालीकडून किडकी वांगी घेऊन येणाऱ्या नवऱ्यालाही. मराठीत कोणी या गोष्टी करायला घेतल्या तर सुतारापुरतं तरी काम इंग्रजांपेक्षा सोपं आहे. 'बिचारा'नं मात्र भागणार नाही. तो फारसीतून आला आणि त्याचा अर्थ निरुपाय झालेला एवढाच. त्यात देव कुठेच नाही.

पिंपातल्या सुताराच्या नेमकं उलटं पात्र म्हणजे तो विद्यार्थी. त्याला चॉसरनं 'हेंडे' हे विशेषण चिकटवलं आहे आणि ते इतक्यांदा वापरलं आहे की ते त्याचं आडनावच वाटावं. हेंडे म्हणजे सभ्य, कुशल, आणि हाताशी असलेला. निकोलस तिन्ही होता, विशेषतः तिसरं. गंमत बघा, लुच्च्याला लावलेलं हे विशेषण पुढे वापरातून गेलं, त्यामुळे त्याला कोणी नावं ठेवू शकलं नाही. भल्याला लावलेलं टिकलं आणि टिकल्याची शिक्षा भोगतं आहे. आता तर क्रिकेटमध्येही फलंदाजाच्या नाकाशी जो उभा राहतो त्याच्या जागेला 'सिली' म्हणतात, कारण एवढ्या जवळ उभं राहणं हा मूर्खपणा. आमचा एकनाथ सोलकर हेल्मेटशिवाय बॅटच्या पुढ्यात शॉर्ट लेगला उभा राहून २७ कसोट्यांत ५३ झेल घेऊन गेला. त्याला सिली म्हणायची कोणाची छाती होती?

ही सुताराची फजिती ऐकून यात्रेतला एक माणूस भडकतो. तो रीव्ह, म्हणजे जमीनदाराचा कारभारी, स्वतः मूळचा सुतार. तो लगेच गिरणीवाल्याच्या फजितीची गोष्ट सांगून उट्टं काढतो, आणि आता सेली कोण होतात? कारकून! 'क्लार्क' म्हणजे त्या काळी लिहितावाचता येणारा, चर्चच्या छायेत शिकणारा माणूस. आमच्या नावाची घसरण हा वेगळा विषय आहे, तो नको. मागच्या गोष्टीत निकोलस म्हणाला होता की साध्या सुताराला फसवता आलं नाही तर क्लार्कचं शिक्षण फुकट. आता केंब्रिजचे दोन क्लार्क, जॉन आणि ॲलिन, कॉलेजचं धान्य दळून आणायला जातात, गिरणीवाला फसवणार हे ओळखून एक चाडीपाशी आणि एक पिठाच्या कणगीपाशी उभा राहतो, आणि तरी फसतात. तो मागच्या मागे जाऊन त्यांचा घोडा सोडून देतो. हे सेली कारकून 'थांब, थांब' ओरडत दिवस मावळेपर्यंत दलदलीतून घोड्यामागे पळतात. तेवढ्यात अर्धं बुशेल पीठ लंपास होऊन त्याची रोटीही भाजायला पडते.

रात्री ते गिरणीवाल्याच्याच घरी मुक्काम करतात. अंधारात पडल्या पडल्या जॉनला काळजी कसली, तर उद्या ही हकीकत सगळ्यांना कळली म्हणजे लोक आपल्याला मूर्ख म्हणतील. तिथे मूर्खाला शब्द 'डॅफ' आहे, 'सेली' नाही! लेखकानं एकाच गोष्टीत दोन्ही शब्द वापरून फरक दाखवून दिला आहे, यापेक्षा स्वच्छ पावती कुठली हवी? त्या रात्री पुढे जे होतं ते घरात मोठ्यानं वाचण्यासारखं नाही, आणि गिरणीवाल्याच्या बायकोमुलीच्या बाजूनं पाहिलं तर हसण्यासारखंही नाही. त्यांनी कोणाचं पीठ चोरलं होतं? रीव्हला त्याची फिकीर नाही, त्याला हिशेब चुकता करायचा आहे. पहाटे झटापट होते, गिरणीवाल्याची बायको अंधारात नवऱ्याच्याच टाळक्यात काठी घालते आणि कारकून कपडे चढवून घोडा घेऊन निघतात. निघताना दाराआड ठेवलेली अर्ध्या बुशेलची रोटी ते आठवणीनं उचलतात. दळणाचे पैसेही देत नाहीत.