मोडी आणि मुद्रणाचे खिळे : एका रूढ मताची परीक्षा

मोडी लिपि मागें कां पडली, या प्रश्नास आपल्याकडे एक ठराविक उत्तर देण्याची वहिवाट आहे. मोडी ही धांवती लिपि. तिचीं अक्षरें खिळ्यांत बसेनात. म्हणून छापखाना आला आणि मोडी गेली. हें मत इतक्या वेळां लिहिलें गेलें आहे कीं, त्यास आतां कोणी पुरावा मागत नाहीं. आमच्या मतें तें पुराव्यापुढें टिकत नाहीं. आणि तें खरें धरून चालल्यानें मोडी कागद छापण्याच्या आपल्या पद्धतींतील एक दोष झांकला गेला आहे.

प्रथम श्रीरामपूरचा पुरावा पाहूं. विल्यम केरी याचें मराठी व्याकरण तेथें १८०५ सालीं छापलें गेलें. त्यांतील मराठी मजकूर देवनागरींत आहे. पांच वर्षांनीं, १८१० सालीं, त्याच छापखान्यानें त्याचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्यांतील मराठी शब्द मोडी खिळ्यांनीं छापलेले आहेत. म्हणजे देवनागरीचे खिळे हाताशीं असतां मोडीचे ठसे मुद्दाम कोरविले गेले. मोडी खिळ्यांत बसत नाहीं, हें म्हणणें येथेंच संपतें.

मोडीचें खिळ्यांत कांहींच नुकसान होत नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. लेखक आधीं ओळभर शिरोरेषा ओढतो व मग तिला अक्षरें टांगीत जातो. व्यंजन आणि काना एका फेऱ्यांत मिळून जातात. खिळ्यांत त्या रेषेचे तुकडे होतात व हाताची गति हरपते. पण हा सौष्ठवाचा ऱ्हास झाला; तेवढ्यानें लिपि छपाईस अपात्र ठरत नाहीं.

शिवाय नागरी तरी कोठें सोपी होती? अखंड पद्धतींत काना-मात्रांसह अक्षरें सबंध ओतावयाचीं, म्हणून जुळाऱ्यापुढें शेंकडों घरें मांडावीं लागत. डिग्री पद्धतींत खिळे कमी, पण मात्रा, रफार व उकार निरनिराळे वर-खालीं बसविण्याचा खटाटोप अधिक. जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं ओतकामाचा कारखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून नागरी अक्षरास जें वळण आणविलें, तें निर्णयसागराच्या संस्कृत ग्रंथांतून पुढें सर्वमान्य झालें. येथें अडचण होतीच. ती सोडविण्याइतकें गिऱ्हाईकही होतें. अडचणीनेंच लिपि मरत असती तर नागरीही मेली असती.

सर्वांत निर्णायक पुरावा शिळाछापाचा. दगडावर खिळ्यांचा प्रश्नच नाहीं. हातास जें लिहितां येतें तें छापतां येतें. मोडीस जर केवळ खिळ्यांचाच अडसर असता, तर शिळाछाप येतांच मोडी ग्रंथांचा सुकाळ व्हावयास हवा होता. तसें झालें नाहीं. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८४५ सालीं ज्ञानेश्वरी शिळेवर छापविली, ती बाळबोधींत. कारण उघड आहे. पोथी बाळबोधींत व दप्तर मोडींत, ही वांटणी छापखान्याच्या फार पूर्वींची. छापखान्यानें पोथीची गादी घेतली, दप्तराची नव्हे. दप्तर हातानें लिहिलें जात होतें तोंवर मोडी आपल्या जागीं होती. मुंबई सरकारनें १९१७ सालीं कारभारासाठीं बाळबोधीस मुख्य लिपि ठरविलें, तेव्हां ती जागाही गेली. तो निर्णय कचेरीचा होता, ओतशाळेचा नव्हता.

आतां दोषाकडे वळूं. मोडीला छापतांच येत नाहीं, असें एकदां ठरलें कीं, मोडी कागद बाळबोधींत छापणें म्हणजे निव्वळ वेषांतर वाटूं लागतें. तें तसें नाहीं. मोडींत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद सामान्यतः दाखवीत नाहींत, शब्द तोडीत नाहींत, विरामचिन्हें नाहींत. बाळबोधी खिळा जुळवितांना या तिन्ही गोष्टी कोणास तरी ठरवाव्या लागतात. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे धर्म किंवा गरीब, हे दोन्ही मोडींत एकाच रूपानें येऊं शकतात. छापील पानावर वेलांटी पडली कीं वाचक तीस मूळ लेखकाची समजतो. वस्तुतः ती संपादकाची असते. संस्कृत व्याकरणाचा संस्कार झालेल्या संपादकाचा हात तर अशुद्ध इकार पाहतांच आपोआप चालतो.

मोडीस २०१४ सालीं युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत स्थान मिळालें. तें योग्यच झालें; आतां मोडीचा मजकूर मोडींतच छापतां येतो. परंतु संगणकाच्या टंकांत एका अक्षराचें ठरलेलें वळण पुनःपुन्हां येतें, आणि दप्तरांत शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन वळणें निराळीं, त्यांतही हात निराळे. केवळ टंकावर तयार झालेला वाचक रुमाल सोडतांच अडखळेल.

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. महत्त्वाच्या पत्राचें छायाचित्र बाळबोधी पाठासमोर द्यावें. ह्रस्वदीर्घ लावण्याचा नियम प्रस्तावनेंत स्पष्ट सांगावा. आणि जेथें शब्द दोन प्रकारें तोडतां येतो, तेथें दुसरा पाठ खालीं नोंदवावा. कागदाच्या अर्थाविषयीं वाद निघतो तेव्हां तो पुष्कळदां एका वेलांटीवर येऊन ठेपतो. ती वेलांटी कोणाची, हें वाचकास कळलें पाहिजे.