खानदेशची बोली आणि नभोवाणीची चढाओढ

पुस्तकाचें, नाटकाचें व चित्रपटाचें परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुळली आहे. नभोवाणीचें परीक्षण मात्र क्वचितच कोणी करतो. तिचें बोलणें हवेंत विरून जातें, तें हातीं धरून पुन्हा तपासतां येत नाहीं, हें त्याचें एक कारण. दुसरें व अधिक खरें कारण असें कीं, नभोवाणीकडे आपण कला म्हणून पाहतच नाहीं. विजेच्या दिव्याप्रमाणें ती घरांत असते, आणि बंद पडली म्हणजेच आठवते. परंतु जी वस्तु रोज कित्येक तास घराघरांतून, दुकानांतून व मोटारींतून बोलत असते, तिची भाषा, तिची अभिरुचि व तिची विषयांची निवड यांचा विचार टीकाकारानें करूं नये, यास आम्हांस कांहीं आधार दिसत नाहीं. जळगांव व धुळें या दोन शहरांत गेल्या वीस वर्षांत नभोवाणीचीं जीं स्थित्यंतरें झालीं, तीं या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत.

खानदेशास स्वतःचें केंद्र उशिरां मिळालें. मुंबईचें केंद्र 1927 सालचें, नागपूरचें 1948 चें, पुण्याचें 1953 चें. जळगांवचें केंद्र निघावयास 1976 साल उजाडलें. तोंपर्यंत तापीकांठच्या माणसानें जें ऐकलें तें दुसऱ्याच्या गांवचें. त्यांतही 1952 नंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्या सालीं डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटीं सरकारी केंद्रांवरील चित्रपटगीतांवर गदा आली. श्रोत्यांनीं तक्रार केली नाहीं. त्यांनीं फक्त कांटा फिरविला आणि ते सिलोनला जाऊन बसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’नें बुधवारची रात्र आपलीशी करून टाकली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजीं सरकारनें ‘विविध भारती’ काढली व गेलेल्या श्रोत्यांस परत बोलाविलें. केंद्रांच्या चढाओढीचा आपल्याकडचा हा पहिला मोठा अध्याय. केसकरांची रसिकता खोटी नव्हती, परंतु श्रोत्याला विद्यार्थी समजण्यांत त्यांची चूक झाली. आज या चुकीच्या नेमकी उलट दिशेची चूक चालू आहे, आणि तीच या लेखाचा विषय आहे.

जळगांवचें आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर सुरू झालें. या लहरी जमिनीलगत दूरवर पसरतात. त्यामुळें रावेर-यावलच्या केळीच्या बागांत काम करणारा शेतकरी आणि अमळनेर-पारोळ्याकडील कापूस वेंचणारी बाई हे दोघेही त्या केंद्राचे श्रोते होऊं शकले. शेतीच्या गप्पा, बाजारभाव, ओव्या, लग्नांतलीं गाणीं यांस तेथें जागा मिळाली, आणि अहिराणी व लेवा गणबोली यांतले शब्द प्रथमच यंत्रांतून बाहेर पडले. आपल्या आजीची भाषा पेटींतून ऐकूं येते, याचें खेड्यांतील माणसास केवढें अप्रूप वाटलें असेल तें शहरांत वाढलेल्यास सहज कळणार नाहीं. धुळ्यास पुढें आकाशवाणीचेंच एफ.एम. पद्धतीचें स्थानिक केंद्र झालें. एका जिल्ह्यापुरतें बोलणारें केंद्र, ही कल्पनाच मुळीं चांगली होती.

मग खासगी केंद्रें आलीं. 2005-06 च्या दुसऱ्या टप्प्यांतील परवान्यांमधून जळगांवांत ‘रेडिओ सिटी’ आलें, ‘धमाल’ आलें. 2015 च्या लिलावानंतर ‘माय एफ.एम.’नें जळगांव व धुळें या दोन्ही शहरांत पाय रोवले. यांच्या येण्यानें एक इष्ट गोष्ट निःसंशय झाली: नभोवाणी म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक, ही समजूत नाहींशी झाली. कॉलेजांतील मुलें पुन्हा ऐकूं लागलीं. बोलण्यांत चपळाई आली, थट्टा आली. सरकारी केंद्रावर जो निवेदक निबंध वाचल्यासारखा बोलत असे, त्याच्या शेजारीं हा नवा ‘रेडिओ जॉकी’ गप्पा मारूं लागला. (जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार, मग घोडा कोण, हें विचारूं नये.) या मोकळेपणाचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

परंतु पुढें काय झालें? प्रत्येक केंद्रानें शेजाऱ्याहून वेगळें दिसण्याची खटपट केली, आणि सर्वजण एकमेकांसारखे झाले. कधीं घोषवाक्य बदललें, कधीं नवीं गाणीं कमी करून जुनीं वाढविलीं, कधीं जुनीं काढून पुन्हा नवीं आणलीं. या बदलास ते ‘फॉरमॅट बदलला’ असें म्हणतात. ऐकणाऱ्यास मात्र कांटा एका केंद्रावरून दुसऱ्यावर गेला कीं नाहीं, याची शंका यावी. तेंच हिंदी गाणें, तोच उल्हास, वाक्याच्या शेवटीं तोच चढा सूर. घोषवाक्यें सुद्धां हिंदी: एकाचें ‘रग रग में दौड़े सिटी’, दुसऱ्याचें ‘जियो दिल से’. हिंदीशीं आमचें वैर नाहीं. बऱ्हाणपूरच्या शेजारीं राहणाऱ्या जळगांवानें तें करूंही नये. परंतु कोणती ‘सिटी’ रगांत धांवत आहे, हें तीं अक्षरें ऐकून सांगतां येईल काय? तेंच वाक्य लखनौस चालतें, पाटण्यास चालतें.

हें असें कां व्हावें, याचें उत्तर निवेदकांच्या गुणदोषांत शोधण्यापेक्षां त्यांच्या मालकांच्या हिशेबवहींत शोधावें. श्रोत्यांची मोजदाद करणारी पद्धत (इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘राम’ म्हणत) 2007 सालीं सुरू झाली, ती मुंबई, दिल्ली, बंगळूर व पुढें कलकत्ता एवढ्यांपुरती. खानदेशास या रामाचें दर्शन घडलें नाहीं. मग जळगांवांत कोण किती ऐकतो हें कोणास ठाऊक? केंद्र पुढें आहे कीं मागें, हें ठरतें तें सराफाच्या, साडीच्या दुकानाच्या व शिकवणीवर्गाच्या जाहिरातींवरून. म्हणजे चढाओढ श्रोत्यासाठीं आहे असें आपण म्हणतों, ती खरोखर जाहिरातदारासाठीं आहे; आणि जाहिरातदाराच्या मनांतला श्रोता एकच: शहरांतला, तरुण, खिशांत चार पैसे असलेला. सराफ बाजारांत सर्व पेढ्या एकमेकींस खेटून असतात, तशीं हीं सर्व केंद्रें त्या एका श्रोत्यास खेटून उभीं राहिलीं. बाजारांत गिऱ्हाईक स्वतः चालत येतें, म्हणून तें तेथें खपतें. नभोवाणींत गिऱ्हाईक घरीं बसलेलें असतें, आणि जें केंद्र त्याच्यापर्यंत जात नाहीं, तें त्याच्या लेखीं नसतेंच.

दुसरें कारण ‘नेटवर्किंग’चें. दुसऱ्या टप्प्यांत लहान शहरांतील केंद्रांना, तींही एकाच विभागांत, एकमेकांचा कार्यक्रम जोडून घेण्याची मुभा होती. 2011 च्या धोरणानें एकाच मालकाच्या देशभरांतील केंद्रांस ती दिली. खर्चाच्या दृष्टीनें हें ठीक असेल. परंतु दूरच्या शहरांत बसलेला माणूस जळगांवकरांस ‘काय मग, कसं चाललंय’ असें विचारूं लागला कीं त्या प्रश्नांतला ओलावा गेलाच म्हणून समजावें. भुसावळच्या उन्हाळ्याविषयीं ज्यानें घामाचा थेंब गाळलेला नाहीं, तो त्याविषयीं विनोद करूं शकेल. त्याविषयीं बोलूं शकणार नाहीं.

खासगी केंद्रांकडून एक बचाव नेहमीं पुढें येतो: आम्हांस बातम्या देण्याची बंदी आहे, मग गाण्यांखेरीज आम्हीं काय द्यावें? बंदी आहे हें खरें, आणि आमच्या मतें ती अन्यायाची आहे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रास जें छापतां येतें तें जिल्ह्याच्या केंद्रास उच्चारतां येऊं नये, याचें समर्थन आम्हांस सुचत नाहीं. 2011 च्या धोरणानें आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची परवानगी दिली, पण तिनें केंद्रास स्वतःचें तोंड मिळत नाहीं. तथापि त्याच धोरणानें कांहीं गोष्टी ‘बातमी नव्हे’ म्हणून मोकळ्या ठेवल्या आहेत: हवामान व रहदारी, वीज-पाण्याविषयींच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचे इशारे, परीक्षा व प्रवेश, नोकऱ्या, स्थानिक खेळांचें धावतें वर्णन, उत्सव व सांस्कृतिक समारंभ. ही यादी शांतपणें वाचून पाहावी. हतनूरचे दरवाजे उघडले, पांझरेला पाणी चढलें, वादळी वारा केळीच्या बागांवरून येत आहे, याहून खानदेशच्या माणसास अधिक काय हवें असतें? गांवोगांवच्या यात्रा, कानबाईचा उत्सव, कुस्त्यांचे फड हें सर्व या मोकळ्या यादींत बसतें. एवढें मोठें अंगण मोकळें असतांना ‘आम्हांस दार नाहीं’ म्हणून रडण्यांत अर्थ नाहीं.

याचा अर्थ सरकारी केंद्र निर्दोष, असा कोणी करूं नये. आकाशवाणीच्या मराठीस एक प्रकारची पोषाखी इस्त्री असते. शेतकऱ्यासाठीं असलेल्या कार्यक्रमांतही तज्ज्ञ गृहस्थ ‘सदरहू किडीचा प्रादुर्भाव आढळल्यास’ अशी सुरुवात करतात, आणि कीड तोंवर पान खाऊन मोकळी होते. बोललेलें गद्य ही निराळी कला आहे, आणि तिचा एक उत्तम नमुना खानदेशांतच निर्माण झाला आहे. 1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर रविवारीं जीं प्रवचनें केलीं, तीं साने गुरुजींनीं टिपून घेतलीं म्हणून आपणांस लाभलीं. तीं वाचतांना पदोपदीं जाणवतें कीं, बोलणाऱ्यासमोर माणसें बसलेलीं आहेत. ही जाणीव पोषाखी निवेदकास नसते, आणि गाण्यांच्या मधल्या वीस सेकंदांत हंशा पिकविणाऱ्यासही नसते.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालें व हवें तें गाणें हव्या त्या क्षणीं फोनवर मिळूं लागलें. केवळ गाणीं वाजविणाऱ्या केंद्राचें प्रयोजनच त्या दिवशीं संपलें. यापुढें केंद्राजवळ स्वतःचें असें एकच भांडवल उरतें, तें म्हणजे तेथील माणसाचा आवाज. आणि खानदेशांत तो आवाज अहिराणींत आहे, लेवा गणबोलींत आहे, तावडींत आहे, पलीकडे सातपुड्यांत भिली व पावरींत आहे. 2001 च्या जनगणनेंत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे 20 लाखांहून अधिक होते. 2011 मध्यें ते 18 लाखांच्या घरांत आले. लोकसंख्या वाढत असतां बोलणारे घटले. जनगणनेंत भाषेचें नांव सांगतांना माणूस कचरतो, त्याचाही यांत भाग असेल. पण तो कां कचरतो? शाळेंत, कचेरींत, आणि आतां शहरांतल्या रेडिओवरही ती भाषा त्यास ऐकूं येत नाहीं, किंवा आलीच तर खेडवळ पात्राच्या तोंडीं, हंसविण्यापुरती येते.

या बोलीस श्रोते नाहींत, असें मालकमंडळीनें म्हणूं नये. ‘केसावर फुगे’ या खानदेशी गाण्यावर पुण्यामुंबईचीं मुलें नाचलीं. तें गाणें कोणत्या दर्जाचें, हा वाद निराळा. त्यास लोकांपर्यंत नेलें तें फोननें. ज्यांचें तें खरें काम, तीं शहरांतलीं केंद्रें मागाहून त्याच्या पाठीस लागलीं. आणि दर्जाचीच गोष्ट काढावयाची तर बहिणाबाईंचें उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अक्षरओळख नसलेल्या या बाईनें जात्यावर व शेतांत गाणीं रचलीं, घरच्यांनीं तीं लिहून घेतलीं, आणि तिच्या मृत्यूनंतर 1952 सालीं तीं पुस्तकरूपानें आलीं, तेव्हां सारा महाराष्ट्र चकित झाला. तिची सगळी कविता कानांसाठीं होती. तिच्या नांवानें आज जळगांवचें विद्यापीठ आहे. तिच्या बोलींत रोज अर्धा तास बोलणारें खासगी केंद्र मात्र कोणास काढवलें नाहीं.

स्थानिक केंद्रानें मोठें काम करणें अशक्य असतें, असेंही नाहीं. पुण्याचें केंद्र दोन वर्षांचें पोर असतां 1 एप्रिल 1955 रोजीं तेथून ‘गीतरामायण’ सुरू झालें, आणि पुढें वर्षभर आठवड्यामागून आठवडा तें चाललें. माडगूळकरांसारखा कवि व फडक्यांसारखा गायक रोज मिळत नाहीं, हें मान्य. परंतु त्यांस दर आठवड्यास नवें गाणें द्या असें सांगणारा केंद्राधिकारी होता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. खानदेशांत अहिराणी कथाकार आहेत, लोकगीतांचे संग्राहक आहेत, वही गाणाऱ्या बाया आहेत. त्यांस दर आठवड्यास बोलावणारा माणूस कोणत्या केंद्रावर आहे?

ऑगस्ट 2024 मध्यें केंद्र सरकारनें आणखी 234 शहरांत 730 खासगी वाहिन्यांचा लिलाव करण्यास मंजुरी दिली, आणि तिच्या समर्थनार्थ मातृभाषेंतील नवे कार्यक्रम व स्थानिक बोलींस उत्तेजन यांचा उल्लेख केला. उद्देश उत्तम आहे. परंतु लिलावांत शहर विकलें जातें, बोली विकली जात नाहीं. परवान्याच्या अटींत रोज अमुक तास त्याच जिल्ह्यांत तयार झालेला, तेथल्याच माणसांच्या तोंडचा कार्यक्रम हवा, असें एक कलम घालण्यास कोणाची हरकत असूं नये; सामुदायिक रेडिओस निम्म्या कार्यक्रमांबाबत अशी अट आहेच. तें कलम येईपर्यंत जळगांव-धुळ्याच्या निवेदकांनीं निदान एक दिवस सकाळीं घोषवाक्य बाजूस ठेवावें, आणि शिंदखेड्याच्या एखाद्या म्हातारीस फोन लावून तिच्याच भाषेंत पाऊसपाण्याची चौकशी करावी. ती काय उत्तर देते, तें ऐकण्यास आम्ही कांटा तेथेंच ठेवूं.