घटस्फोट तिकडे झाला, मग इकडे झाला का?

माझा विषय रसायनशास्त्र. तरी गेल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तीनदा वाचला. कारण मुलुंडची मावसबहीण. तिने अमेरिकेत स्वतः अर्ज करून घटस्फोट घेतला. नवराही तिथलाच रहिवासी, पण कोर्टात फिरकलाच नाही. आता इथले वकील म्हणतात, ‘हा कागद भारतात टिकेलच असं नाही.’

निकाल १९९१ चा, नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी. लिहिला न्या. पी. बी. सावंत यांनी. लग्न १९७५ साली तिरुपतीला, हिंदू पद्धतीने. पुढे नवऱ्याने मिसुरीतल्या कोर्टातून ‘संसार सावरण्यापलीकडे मोडला’ या कारणावर घटस्फोट मिळवला आणि दुसरं लग्न केलं. सावंतांनी तो घटस्फोट अमान्य ठरवला. नियम असा: लग्न ज्या कायद्याने झालं, परदेशी कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण त्याच कायद्यात बसायला हवं. अपवाद तीन. समोरचा जोडीदार कायम तिथेच राहतो आणि कारण आपल्या कायद्यातलं आहे. किंवा तो स्वखुशीने हजर राहून अशाच कारणावर लढला. किंवा त्याने संमती दिली.

निकालाचं बळ न्यायाच्या कल्पनेत आहे. नुसती नोटीस पोचली म्हणजे झालं, असं सावंत मानत नाहीत. इथे राहिलेल्या बायकोला प्रवासाचा, तिथे राहण्याचा, खटल्याचा खर्च मिळाला नाही, तर तिला बाजू मांडायची संधी मिळालीच नाही, असं ते धरतात. १९९१ साली हे लिहिणं मोठं होतं.

पण नियम ज्या उदाहरणावरून आला, त्यात बायको इथे आणि नवरा तिथे. माझ्या बहिणीच्या बाबतीत दोघंही तिथे, आणि अर्ज तिचाच. तिच्या घटस्फोटाचं कारणही ‘संसार मोडला’ हेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते आजही नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने या कारणावर घटस्फोट देता येतो म्हटलं, पण तो अधिकार अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. म्हणजे पहिला अपवाद गेला. नवरा लढला नाही, दुसरा गेला. संमतीही दिली नाही, तिसराही गेला. सोडून दिलेल्या बाईसाठी बांधलेली भिंत इथे सुटू पाहणाऱ्या बाईलाच अडवते.

संशोधनाला निघालेल्यांनो, निष्कर्ष पाठ करण्याआधी तो कोणत्या नमुन्यावरून काढलाय ते बघा. निकाल चुकीचा नाही, त्याचा नमुना अपुरा आहे. या दोन वेगळ्या टीका आहेत. प्रबंधात त्यांची गल्लत करू नका.

बहीण आता वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात नव्याने अर्ज करतेय. तिकडे घटस्फोटित, इकडे विवाहित. फॉर्मवर काय लिहू, विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.