आरोप आणि शिक्षा : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि भ्रूणहत्येचा प्रश्न

गर्भपात नीतीला संमत होऊ शकतो काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन तत्त्वांच्या द्वंद्वाच्या स्वरूपात केली जाते. एका पक्षाच्या मते गर्भ हा जीव आहे आणि जीवाचे रक्षण हे इतर सर्व विचारांहून श्रेष्ठ असे कर्तव्य आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते स्त्रीचे शरीर तिचे स्वतःचे आहे आणि त्या शरीरात काय वाढू द्यावे हे ठरविण्याचा अधिकार अन्य कोणाकडेही जाऊ शकत नाही. दोन्ही पक्षांची मांडणी तर्कशुद्ध असू शकते. परंतु ती करणारे कोण आहेत आणि ज्या स्त्रीविषयी ते बोलत आहेत तिच्याशी त्यांचा संबंध काय, हा प्रश्न या तात्त्विक चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. वाङ्मयाला मात्र तो टाळता येत नाही. वाङ्मयात कोणतेही तत्त्व कोणाच्या तरी तोंडूनच यावे लागते. आणि तोंड आले की त्यामागचा हेतू, भय, मत्सर आणि सोयही येते. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे या दृष्टीने असलेले महत्त्व अद्याप पुरते लक्षात घेतले गेलेले नाही.

हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांनी त्यात लीला बेणारे साकार केली. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि इतर भारतीय भाषांतील प्रयोगांमुळे हे नाटक मराठीच्या सीमेपलीकडे सर्वत्र परिचित झाले. संविधानक सुविदित आहे. प्रचारासाठी अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करणारी एक हौशी मंडळी एका गावी येते. रात्रीच्या प्रयोगापूर्वीचा रिकामा वेळ घालविण्यासाठी आणि सामंत या गावकऱ्याला न्यायालयाची रीत समजावी म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा केला जातो. आरोपी ठरते शाळेत शिक्षिका असलेली अविवाहित बेणारे, आणि तिच्यावर आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. विवाहित प्राध्यापक दामले यांच्यापासून तिला दिवस गेले आहेत, हे उघड होते. दामले अखेरपर्यंत रंगमंचावर येत नाहीत.

समीक्षेने या नाटकाकडे प्रायः समाजाच्या दांभिकतेचे आणि स्त्रीवरील क्रौर्याचे चित्रण म्हणून पाहिले आहे. हे आकलन चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. बेणारेवर कोणताही आरोप ठेवून हे क्रौर्य दाखविता आले असते. चोरीचा किंवा व्यभिचाराचा आरोपही कथानकाला पुरला असता. तेंडुलकरांनी भ्रूणहत्येचाच आरोप का निवडला, या प्रश्नाचे उत्तर नाटकाच्या आरंभात आणि शेवटात मिळून दडलेले आहे. आरंभी आरोप असा की, तिने गर्भाचा नाश केला. अखेरीस न्यायाधीश काशीकर जी शिक्षा फर्मावतात ती अशी की, तिने जगावे, पण तिच्या पोटातील गर्भ मात्र नष्ट करण्यात यावा. ज्या कृत्यासाठी तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तेच कृत्य न्यायालय शिक्षा म्हणून तिच्यावर लादते. आरोप आणि शिक्षा यांची ही अदलाबदल हाच या नाटकाचा खरा आशय होय.

या अदलाबदलीचा अर्थ काय? गर्भाचे पावित्र्य हे या मंडळींना कधीच मान्य नव्हते, हा पहिला अर्थ. वकील सुखात्मे मातृत्वाच्या महतीवर आवेशाने बोलतात. परंतु ज्या मातृत्वाला पुरुषाचे नाव नाही ते समोर उभे राहताच मातृत्वाची महती संपते आणि गर्भ हा पापाचा पुरावा ठरतो. म्हणजे त्यांच्या मते जीवाला स्वतःचे असे मोल नाही. मोल आहे ते कुळाच्या नावाला. नाव असेल तर गर्भाचा नाश ही हत्या. नाव नसेल तर तोच नाश ही समाजाची स्वच्छता. जीवरक्षणाच्या तत्त्वाची खरी कसोटी येथेच आहे. ते तत्त्व आपल्या गैरसोयीच्या प्रसंगीही जो पाळतो त्यालाच ते उच्चारण्याचा अधिकार पोचतो.

नाटकातील न्यायालय हा आरोप भारतीय दंडविधानाच्या कलम ३०२ खाली, म्हणजे खुनाच्या कलमाखाली ठेवते. कायद्याच्या दृष्टीने ही चूक आहे. १८६० च्या दंडविधानाने गर्भपाताचा विचार कलम ३१२ पासून पुढे स्वतंत्रपणे केला होता. मातेच्या उदरातील मुलाचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हे, असे त्याच संहितेतील कलम २९९ चे स्पष्टीकरण सांगत होते. स्त्रीचे प्राण वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात त्या कायद्याने गुन्ह्यातून वगळला होता. एरव्ही मात्र तो करवून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती. नाटकातील ही कायद्याची चूक अजाणतेपणीची असो वा हेतुपुरस्सर, कलादृष्ट्या ती अत्यंत अर्थपूर्ण ठरते. या मंडळींना कायदा नको आहे. कायद्याचा पोशाख हवा आहे. शिवाय कोणताही गर्भ नष्ट झालेला नाही. बेणारेच्या पोटात तो वाढतो आहे. न घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालविणारे हे न्यायालय तो गुन्हा घडवून आणण्याचा हुकूम सोडूनच उठते.

‘भ्रूणहत्या’ या शब्दाचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. प्राचीन धर्मग्रंथांत ‘भ्रूण’ हा शब्द गर्भ आणि विद्वान ब्राह्मण अशा दोन्ही अर्थांनी येतो, आणि भ्रूणहत्या हे महत्पाप गणले जाते. मनुस्मृतीने ‘अविज्ञात’ गर्भाच्या वधाला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. अविज्ञात म्हणजे ज्याचे लिंग अद्याप कळलेले नाही असा, आणि तोही ब्राह्मणाचा गर्भ, हा टीकाकारांचा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे या निषेधामागील मूल्यव्यवस्था स्पष्ट होते. जीव म्हणून जीवाची थोरवी तेथेही निरपेक्ष नव्हती. वर्ण आणि लिंग यांच्या संभाव्यतेने ती मोजली जात होती. याउलट आयुर्वेदाची दृष्टी अधिक वास्तव आहे. चौथ्या महिन्यात गर्भाची चेतना व्यक्त होते आणि स्त्री ‘द्विहृदया’ होते, असे सुश्रुतसंहिता सांगते. मराठीतील ‘डोहाळे’ या शब्दाचे नाते या कल्पनेशी जोडले जाते. दोन हृदये, पण इच्छा व्यक्त होते ती एकाच मुखातून, ही कल्पना कोणत्याही धर्मशास्त्रीय निर्णयापेक्षा या प्रश्नाच्या गाभ्याशी अधिक जवळची आहे.

बेणारेचा खटला महाराष्ट्रातला पहिला नव्हे. ब्राह्मण विधवांवर ओढवणाऱ्या प्रसंगांतून भ्रूणहत्या आणि बालहत्या घडत, म्हणून जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. अशा स्त्रियांनी तेथे येऊन सुरक्षितपणे बाळंत व्हावे, अशी ती योजना होती. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या प्रकरणात वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर जी टीका केली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. फुले यांनी दोषारोप न करता निवारा दिला. ताराबाईंनी आरोपीच्या पिंजऱ्यात पुरुषाला उभे केले. तेंडुलकरांच्या नाटकात निवारा नाही आणि पुरुषही हजर नाही. ऐंशीहून अधिक वर्षांनंतर प्रश्न तेथेच राहिला. बदलले ते इतकेच की, आरोपी आता विधवा नसून स्वतःच्या कमाईवर जगणारी सुशिक्षित कुमारिका आहे. तिची नोकरीही त्याच खटल्यात जाते, हे तिच्या स्वातंत्र्याच्या मर्यादेचे पुरेसे गमक आहे.

येथपर्यंत नाटकाचे यश निर्विवाद आहे. परंतु त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. बेणारेला बचावासाठी दहा सेकंदांचा अवधी दिला जातो. त्या अवधीत इतर पात्रे स्तब्ध होतात आणि ती आपले दीर्घ स्वगत बोलते. हे स्वगत न्यायालय ऐकत नाही. ते प्रेक्षकच ऐकतात. त्यात ती आपल्या होऊ घातलेल्या मुलाविषयी ज्या आर्ततेने बोलते, आपले शरीर आता त्याच्यासाठीच हवे आहे असे जे सांगते, त्याने प्रेक्षकाचे हृदय हेलावते. येथेच शंका उद्भवते. प्रेक्षकाची सहानुभूती बेणारेला मिळते ती ती स्त्री आहे म्हणून, की ती आई होऊ इच्छिते म्हणून? तिला हा गर्भ नको असता, तिने स्वतःच तो काढून टाकण्याचे ठरविले असते, तर हाच प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहिला असता काय? सुखात्म्यांच्या मातृत्वस्तुतीला ज्या भावनेचा आधार आहे, त्याच भावनेचा आधार बेणारेचे स्वगतही घेते. फरक एवढाच की, एकात ती भावना खोटी आहे आणि दुसऱ्यात खरी. मूल नको असलेल्या स्त्रीचा प्रश्न या नाटकाने हाताळलेला नाही, आणि गर्भपाताच्या नैतिकतेचा कठीण प्रश्न तर नेमका तोच आहे.

या मर्यादेतूनही एक वाट निघते. १९७१ साली अमेरिकन तत्त्वचिंतक ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, गर्भ ही व्यक्ती आहे हे गृहीत धरले तरी जगण्याच्या अधिकारातून दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा अधिकार आपोआप निष्पन्न होत नाही. बेणारे आपले शरीर मुलाला देऊ इच्छिते. परंतु देणे या क्रियेला अर्थ येतो तो न देण्याची मोकळीक असेल तरच. सक्तीने घेतलेले दान हे दान नसते. म्हणून बेणारेच्या मातृत्वाला नैतिक उंची द्यावयाची असेल, तर मूल नाकारणाऱ्या स्त्रीचा अधिकारही मानावा लागतो. नाटक ही पायरी चढत नाही. पण त्याचा तर्क तेथेच नेऊन पोचवितो. विरुद्ध पक्षाचा एक आक्षेप मात्र उरतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. गर्भाची बाजू नाटकात आईच्या तोंडून मांडली गेली. जेथे आईच ती मांडणार नाही, तेथे ती कोणी मांडावी? या आक्षेपाला निर्णायक उत्तर नाही. काशीकरांच्या न्यायालयाने ती मांडू नये, एवढेच या नाटकाच्या आधारे निश्चित सांगता येते.

नाटकाच्या पाठोपाठ कायदा बदलला. शांतिलाल शाह समितीची नेमणूक १९६४ साली झाली होती आणि १९६६ साली तिचा अहवाल आला. १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत होऊन १९७२ पासून अमलात आला. या कायद्याने गर्भपाताला विशिष्ट परिस्थितीत मान्यता दिली. निर्णय मात्र स्त्रीच्या इच्छेवर न सोपविता वैद्याच्या मतावर सोपविला. संततिनियमनाचे साधन अयशस्वी ठरल्याने होणारा मनस्ताप त्याने ग्राह्य मानला, तोही विवाहित स्त्रीपुरताच. बेणारेसारखीला त्या सवलतीत स्थान नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आणला आणि विशिष्ट वर्गातील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली; २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या वाढीव मुदतीचा लाभ अविवाहित स्त्रीला नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. नाटकानंतर पंचावन्न वर्षांनी एका खऱ्या न्यायालयाने बेणारेचे अस्तित्व मान्य केले, असे म्हणता येईल.

तथापि काशीकरांचे न्यायालय उठलेले नाही. गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, इतर राज्यांच्या आधी, केला. १९९४ साली तो देशभरासाठी झाला. मुलीचा गर्भ नष्ट करण्याचा निर्णय जेथे सासरचे घर घेते आणि संमतीची सही मात्र स्त्रीकडून घेते, तेथे नाटकातील शिक्षेचीच पुनरावृत्ती होत असते. त्या कृत्याला ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हे नाव रूढ झाले, तेव्हा स्त्रीचळवळीतील अनेकांनी त्याला हरकत घेतली. जुन्या पापवाचक शब्दाने गर्भपात करून घेणारी प्रत्येक स्त्री पुन्हा मारेकरी ठरते, ही त्यांची भीती रास्त होती. ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द दोष जेथे आहे तेथे, म्हणजे निवड करणाऱ्या व्यवस्थेवर, ठेवतो. शब्द बदलल्याने समाज बदलत नाही हे खरे. पण चुकीच्या कलमाखाली चाललेल्या खटल्याला योग्य कलम दाखविणे हेही न्यायाचेच काम असते.

खटला संपल्यावर ही मंडळी भानावर येतात आणि बेणारेला सांगतात की, हा सारा खेळच होता. ती निश्चल पडून राहते. सामंत आपल्या पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. त्या रात्रीनंतर तिने काय ठरविले, हे तेंडुलकरांनी सांगितलेले नाही. नाटकातील प्रत्येकाने तिच्यासाठी निर्णय घेतला. नाटककाराने तो घेण्याचे नाकारले. या प्रश्नावर कलावंताने घेतलेली यापेक्षा अधिक जबाबदार भूमिका मराठी रंगभूमीवर क्वचितच आढळते.