सायमन वुल्फ यांची सैनिक-सूची : एक मूल्यमापन

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) लढलेल्या ज्यू सैनिकांच्या इतिहासाचा विचार करताना सायमन वुल्फ यांच्या १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अमेरिकन ज्यू ॲज पेट्रियट, सोल्जर अँड सिटिझन’ या ग्रंथाची दखल प्रथम घ्यावी लागते. उत्तर व दक्षिण अशा दोन्ही पक्षांच्या आठ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यात राज्यवार दिलेली आहेत. एवढा प्रचंड संग्रह एका व्यक्तीच्या उद्योगातून सिद्ध व्हावा, ही गोष्ट निःसंशय गौरवास्पद होय. तथापि गौरव आणि प्रामाण्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या ग्रंथाचा उगम एका आरोपात आहे. सैन्यात ज्यू सैनिक आपल्या पाहण्यात आला नाही, अशा आशयाचे पत्र १८९१ साली ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आले. वुल्फ हे व्यवसायाने वकील. त्यांनी आरोपाला पुराव्याने उत्तर देण्याचे ठरविले आणि तो पुरावा म्हणजे ही सूची. परंतु सैनिकाची भरती करताना त्याचे वय, जन्मस्थान, व्यवसाय, उंची, डोळ्यांचा रंग यांची नोंद होत असे; धर्माची होत नसे. त्यामुळे पुष्कळदा नावावरूनच धर्माचे अनुमान करणे प्राप्त झाले. जर्मन वळणाची कित्येक आडनावे ज्यू व ख्रिस्ती या दोहोंत समान असल्याने हे अनुमान फसवे ठरते. उलटपक्षी, इंग्रजी वळणाचे नाव धारण केलेला ज्यू सैनिक सहज नजरेतून सुटतो. शापेल प्रतिष्ठानाने २००९ मध्ये आरंभिलेल्या संशोधनात एकेका नावाची छाननी झाली, तेव्हा सूचीतील अनेक सैनिक ज्यू नव्हते आणि अनेक ज्यू सैनिक सूचीत आलेच नव्हते, असे दिसून आले. या सामग्रीच्या आधारे ॲडम मेंडेलसन यांनी उत्तरेच्या सैन्यावर लिहिलेला ग्रंथ २०२२ साली प्रसिद्ध झाला.

नावांतील चुका दुरुस्त करता येतात. प्रश्नातील उणीव अधिक गंभीर आहे. किती लढले, हा प्रश्न आरोपकर्त्याचा होता व वुल्फ यांनी तो जसाच्या तसा स्वीकारला. वस्तुतः नागरिकत्वाचा हक्क शिरगणतीवर अवलंबून नसतो. शिवाय गणनेत सैनिकाचा अनुभव हरवतो. १८६१ च्या कायद्यानुसार पलटणीचा धर्मोपदेशक ख्रिस्तीच असावा लागे. पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ पलटणीने निवडलेल्या मायकेल ॲलन यांना त्यामुळे पद सोडावे लागले. हा निर्बंध जुलै १८६२ मध्ये दूर झाला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला जनरल ग्रँट यांनी आपल्या अधिकारक्षेत्रातून सरसकट सर्व ज्यूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. लिंकन यांनी तो जानेवारी १८६३ मध्ये रद्द करविला. अशा सैन्यात राहून लढणे म्हणजे काय, याचे उत्तर सूची देऊ शकत नाही. बर्ट्रम कॉर्न यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणांचे सविस्तर विवेचन केले, हे त्यांचे मोठे कार्य.

दक्षिणेच्या सैनिकांबाबत तर अडचण अधिकच बिकट होते. गुलामगिरी टिकविण्यासाठी उभारलेल्या राज्याकरिता लढणारा आणि ते राज्य मोडण्यासाठी लढणारा, दोघांनाही वुल्फ ‘देशभक्त’ याच एका शीर्षकाखाली बसवितात. आरोप खोडण्यास ही भरती उपयोगी पडते. इतिहासास मात्र त्या दोघांतील भेद सांगावाच लागतो.

म्हणून ही सूची १८६१ च्या सैन्याचे साधन म्हणून पारखून घ्यावी आणि १८९० नंतरच्या दशकातील एका समाजाच्या अस्वस्थतेचे साधन म्हणून निःशंकपणे वापरावी. आपल्या निष्ठेची पावती नावे मोजून द्यावी लागणे, हीच त्या काळाविषयीची तिची सर्वांत विश्वसनीय साक्ष होय.