‘मंग कायचा दुखवटा?’ : सार्वजनिक शोक वाचायचा कसा

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लता मंगेशकर गेल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारपर्यंत माझ्या फोनमधल्या जवळपास प्रत्येक स्टेटसवर त्यांचा फोटो होता. केंद्र सरकारनं दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, राज्यानं सोमवारची सुट्टी. मीही स्टेटस ठेवलं. ‘उंबरठा’ सिनेमातल्या त्यांच्या गाण्याच्या दोन ओळी. माझा पीएचडीचा विषय तेव्हा नुकताच नक्की झाला होता, म्हणून त्याच संध्याकाळी वहीत दोन रकाने आखले. एक ‘मनापासून’, दुसरा ‘नुसता उपचार’. ओळखीच्यांची सगळी स्टेटस त्यात वाटून टाकली आणि खुश झाले.

सरांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, “हे कशावरून ठरवलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यानं गाणं टाकलं तो मनापासून, ज्यानं फक्त ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं तो उपचारवाला, असं मी धरून चालले होते. वर कुणाची परवानगीही घेतली नव्हती. वही बाद झाली. पण तुम्ही माणसांच्या भावनांवर काम करायचं म्हणत असाल, तर ही चूक नेमकी कुठे होते ते आधीच समजून घ्या. माझे सहा महिने गेले, तुमचे वाचतील.

मला ती चूक आधी पुस्तकानं दाखवली नाही, आजीनं दाखवली. आजी तिवसा तालुक्यातली. मी स्टेटसचं सांगत होते, तर म्हणाली, “तुकडोजी महाराज गेले तवा आमच्या घरी चूल नोती पेटली. तू त्या दिवशी जेवली का नाही?”

“जेवली ना, आजी.”

“मंग कायचा दुखवटा?”

आजीचा निकाल तुम्हाला कडक वाटेल. मलाही वाटला. पण तिचा प्रश्न बघा. तुला किती वाईट वाटलं, हे ती विचारत नाही. तू त्या दिवशी काय केलंस, हे विचारते. या फरकावर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

आता थोडं पुस्तकांकडे. या विषयात शिरलात की पहिल्याच आठवड्यात एक शब्द भेटतो, ‘पॅरासोशल’ नातं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये ही कल्पना मांडली. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस रोज जणू आपल्याशीच बोलतो, म्हणून तो आपल्याला घरचा वाटायला लागतो. त्याला मात्र आपला पत्ताच नसतो. म्हणजे एकतर्फी ओळख. नट, गायक, खेळाडू गेल्यावर अनोळखी माणसं का रडतात, याचं उत्तर बरेच अभ्यासक इथूनच द्यायला लागतात. लताबाईंच्या बाबतीत ते बऱ्यापैकी लागूही पडतं.

पण हीच फूटपट्टी वऱ्हाडात लावून बघा. त्याच १९५६ साली, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबा गेले. हा माणूस पडद्यावरून ओळखीचा झालेला नव्हता. दिवसा गावाची गल्ली झाडायची, रात्री त्याच गावात कीर्तन करायचं आणि लोकांना त्यांच्याच सवयींवरून फैलावर घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. तुकडोजी महाराजही खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. त्यांच्यासाठी रडणाऱ्यांना ‘प्रेक्षक’ म्हणता येत नाही. त्यांनी या माणसांना अंगणात पाहिलं होतं. म्हणून पॅरासोशल हा शब्द वापरायचाच असेल तर आधी एक तपासा: तुमच्या उदाहरणात ओळख खरंच एकतर्फी होती का? पुण्या-मुंबईचं किंवा लंडनचं उदाहरण घेऊन लिहिलेला निष्कर्ष मोझरीला जसाच्या तसा चिकटवू नका.

या कल्पनेची दुसरी अडचण मोठी आहे. ती वाईट का वाटतं ते सांगते, चूल का पेटत नाही ते सांगत नाही. तिथे एमिल दुर्खीम कामाला येतो. धर्मावरच्या १९१२ च्या ग्रंथात त्याचं म्हणणं साधारण असं आहे: शोक म्हणजे एकेकट्याच्या मनातलं दुःख आपोआप बाहेर पडणं नव्हे, शोक हे समूहानं सदस्यांवर टाकलेलं कर्तव्य असतं. ते पार पाडताना माणसं जवळ येतात आणि दुःखही त्यातून वाढतं, आकार घेतं. कृती आधी, भावना मागून, असंही होऊ शकतं.

याचं उदाहरण बघायला दूर जायला नको. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. आजही गुरुकुंज मोझरीला आश्विन वद्य पंचमीला पुण्यतिथीची मौन श्रद्धांजली होते. ४ वाजून ५८ मिनिटं झाली की तो एवढा मोठा जमाव उभ्या जागी गप्प होतो. त्यातले बरेच जण १९६८ नंतर जन्मलेले. त्यांना ‘तुम्हाला खरंच दुःख झालंय का?’ असं विचारून बघा, काय हाती लागेल? प्रश्नच चुकलाय. ती शांतता प्रत्येकाच्या मनातून वेगवेगळी निघालेली नाही. सगळे मिळून ती करतात आणि पुढच्या पिढीला करायला शिकवतात.

म्हणजे जुनं ते खरं आणि मोबाइलवरचं ते खोटं, असं मी म्हणतेय का? नाही. इथेच माझं आजीशीही पटत नाही. कर्तव्य म्हणून केलेला शोक सुद्धा पोकळ होतो. आपली मूर्ती, मंदिर नको, असं गाडगेबाबा सांगत, हे त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण नोंदवतात. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांचं समाधी मंदिर आहे. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि रोजच्या बोलण्यात त्याचं ‘संगाबा’ झालंय. अकोल्याला जा. पंजाबराव देशमुख १९६५ मध्ये गेले, १९६९ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आलं आणि ऑटोवाल्याला सांगताना आपण म्हणतो ‘पीकेव्ही’. आठवण ठेवायला दिलेलं नाव इतकं आखडलं की माणूस त्यातून निसटला. दुसरीकडे, सरकारनं २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचं नाव आहे. तिथे निदान झाडू तरी हातात घ्यावा लागतो. तो झाडू फोटोपुरता की गल्ली साफ होईपर्यंत, हे मात्र प्रत्येक गावात जाऊनच बघावं लागेल.

गाडगेबाबांचीच आणखी एक गोष्ट. कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा मात्र ते खचले, औषध-पाणी सोडलं आणि १४ दिवसांत गेले, असंही सांगतात. तारखा पक्क्या आहेत. एकाच्या जाण्यामुळेच दुसरा गेला, हे कागदावरून सिद्ध करता येणार नाही. म्हणून गोष्ट फेकून द्यायची का? मुळीच नाही. ती लोक अशी का सांगतात, हा तुमचा प्रश्न. घरचं मरण गिळून टाकणारा माणूस समाजाच्या माणसासाठी मोडून पडतो, असं सांगताना सांगणारा स्वतःच्या शोकालाही जागा करून देत असतो. घटना वेगळी, आठवण वेगळी. दोन्ही पुरावे आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींचे.

आता सगळ्यात अवघड भाग. कुणासाठी शोक होतो, हे मोजताना कुणासाठी होत नाही, तेही मोजा. जूडिथ बटलर यांनी हाच प्रश्न विचारलाय: कोणतं आयुष्य शोक करण्याजोगं धरलं जातं? अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये आले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. त्या माणसांसाठी कोणती सुट्टी होती? पण यवतमाळच्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा १९ मार्च १९८६ ला असाच अंत झाला आणि २०१७ पासून दरवर्षी त्या तारखेला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. प्रसिद्धी नसलेल्या माणसांसाठी तारीख ठरली, कृती ठरली आणि शोक सार्वजनिक झाला. आजीची न पेटलेली चूल इथे पुन्हा भेटते.

म्हणून माझ्या नव्या वहीत तीन रकाने आहेत. लोकांनी काय केलं? किती काळ केलं आणि पुन्हा केलं का? या शोकातून कोण राहून गेलं? ‘मनापासून’ हा रकाना नाही. तो भरायचा अधिकार फक्त शोक करणाऱ्याला.

तिसऱ्या रकान्यात पहिली नोंद माझीच आहे. त्या रविवारी ‘उंबरठा’च्या ओळींखाली मी फक्त लताबाईंचं नाव लिहिलं होतं. शब्द सुरेश भटांचे. ते अमरावतीत जन्मले आणि १४ मार्च २००३ ला नागपुरात गेले. रोज ज्या शहरात चहा पिते त्या शहराचा कवी माझ्याच श्रद्धांजलीतून सुटला होता, आणि ते माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

तुम्हीही हे करून बघा. प्रसिद्ध माणूस गेल्यावर तुम्ही शेवटचं स्टेटस कधी ठेवलं होतं? ते आठवा आणि हे तीन रकाने आधी स्वतःसाठी भरा. मग दुसऱ्यांच्या दारात वही घेऊन जा, आणि जाताना परवानगी घ्या.