पत्ता देणारा कोण?

दौंड जंक्शनवर गर्दीत उभं राहून ‘मनमाडकडची गाडी कुठल्या फलाटावर?’ असं मोठ्यानं विचारलं, की जो पहिला बोलतो त्याचं ऐकून आपण चालू लागतो. सांगणाऱ्याला अधिकार आहे का, हे काही आपण विचारत नाही. नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारी डीएचसीपी ही व्यवस्था अशीच भोळी आहे. आमचा आक्षेप त्या भोळेपणावर नाही. तो ठाऊक असूनही आपण स्विच उघडे टाकतो, त्यावर आहे.

संगणक सुरू झाला, की साऱ्या नेटवर्कला हाक मारतो: मला पत्ता द्या. सर्व्हर पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो, सर्व्हर मंजुरी देतो. हा पत्ता खंडाने मिळतो, मालकीने नाही. साधारण निम्मी मुदत सरली की नूतनीकरण मागावं लागतं. ही पद्धत असुरक्षित असल्याची कबुली १९९७ सालच्या आरएफसी २१३१ या मानकातच दिलेली आहे.

शिरूरच्या एका कचेरीत आम्ही याचा परिणाम पाहिला. वायफाय मिळावं म्हणून कुणी घरचा राउटर भिंतीतल्या पॉइंटला जोडला. तोही पत्ते वाटू लागला. ज्या संगणकांना त्याचं उत्तर आधी मिळालं, त्यांचा सर्व्हरशी संबंध तुटला. दाखल्यासाठी आलेली माणसं दुपारपर्यंत ‘लिंक नाही’ ऐकत बसली. चोर कुणीच नव्हता, बरं का. पण हेच कुणी मुद्दाम केलं असतं, तर सगळी रहदारी त्याच्या हातून गेली असती.

यावर स्विचमध्येच उपाय आहे: डीएचसीपी स्नूपिंग. ‘तू कोण?’ असं ते विचारत नाही. ‘तू कुठून बोलतोस?’ असं विचारतं. सर्व्हरच्या दिशेचं पोर्ट तेवढं विश्वासू ठरवायचं. बाकीच्या पोर्टांवरून पत्ता मागता येतो, देता येत नाही. स्टेशनात कुणीही विचारावं, घोषणा मात्र एकाच खोलीतून व्हावी, तसं. शिवाय कुणाला कोणता पत्ता, कुठल्या पोर्टवर, किती मुदतीसाठी दिला, याची नोंदवही स्विच ठेवतो. ‘मीच गेटवे’ म्हणणारा तोतया त्या वहीवरूनच पकडता येतो. ते काम एआरपी तपासणीचं.

आता टीका. शिकवणारे आज्ञा पाठ करून घेतात, क्रम आणि कारण सांगत नाहीत. स्नूपिंग चालू केलं आणि सर्व्हरकडचं पोर्ट विश्वासू करायचं राहिलं, तर खरा सर्व्हरच गप्प होतो. फोन वाजू लागतात. मग घाईत सगळीच पोर्ट विश्वासू केली जातात. सुरक्षा कागदावर चालू, प्रत्यक्षात बंद! कायमचा पत्ता दिलेल्या प्रिंटरची नोंद हातानं करायला हवी, हेही राहून जातं. मग तपासणी त्यालाच अडवते आणि दोष तपासणीला लागतो.

हा विश्वास माणसावर नाही, जागेवर आहे. म्हणून स्विचच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, हाही सुरक्षेचाच प्रश्न. आपल्या कचेरीत जाऊन एवढंच विचारा: कुठली पोर्ट विश्वासू आहेत, आणि का? ‘सगळीच’ असं उत्तर आलं, तर तिथे अजून कुणी विचार केलेला नाही.